तोफखान्यातली नाटकमंडळी

आम्हा ठाणे-डोंबिवलीकरांच्या लेखी देवळाली हे हवापालटाचं गाव. कसारा घाट चढून, इगतपुरीचा वडा खाऊन पुढे गेलं की नाशिक रोडच्या अलीकडचं स्टेशन. पूर्वी कुणाचा खोकला हटेनासा झाला की डॉक्टर सांगायचे, "जरा देवळालीला जाऊन या." मग लॅम रोडच्या बाजूला एखाद्या सॅनिटोरियममध्ये ओळखीनं खोली मिळवायची, स्टोव्ह, पातेली आणि लोणच्याची बरणी घेऊन सहकुटुंब मुक्काम टाकायचा आणि वजन वाढवून परत यायचं. थोडक्यात, देवळालीला माणूस जायचा तो बरा व्हायला.

इंग्रजांच्या देशात याच देवळालीची कीर्ती बरोबर उलटी आहे. तिकडे एखादा ‘डूलाली’ झाला म्हणतात, तेव्हा स्वारीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजायचं. आमच्या शांत, गार गावावर ही बदनामी आली ती गोऱ्या सोजिरांमुळे, आणि सोजिरांवर ती पाळी आली बोटींच्या वेळापत्रकामुळे. १८६१ पासून देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथं ठेवत. फौजेच्या बोटी सुटायच्या नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात भरली त्यानं पुढचे सहा-सात महिने करायचं काय? कवायत नाही, पहारा नाही, बंदूक काढून घेतलेली. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका जुन्या शिपायानं १९३६ साली आपल्या हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणी छापल्या, त्यात या रिकामपणाचं वर्णन आहे. वर्षानुवर्षं शिस्तीत वागलेले गडी इथं येऊन बिघडायचे. ऊन, दारू, मलेरिया आणि बोटीची वाट, एवढं पुरे झालं.

माझं आपलं मत असं, की सैन्याला शत्रूपेक्षा कंटाळ्याची धास्ती जास्त असते. शत्रूवर तोफ डागता येते. कंटाळ्यावर काय डागणार? त्यावर साहेबानं शोधून काढलेला उपाय म्हणजे नाटकमंडळी.

दुसऱ्या महायुद्धात हे खातं चांगलंच फोफावलं. १९३९ सालीच विलायतेत ‘एन्सा’ नावाची संस्था निघाली. जगभरच्या छावण्यांत गायक, नट, नकलाकार पाठवायचे हे तिचं काम. कलाकारांची कमी नव्हती, पण दर्जाची हमी कोण देणार? तेव्हा शिपायांनी त्या चार इंग्रजी अक्षरांचा स्वतःचाच अर्थ लावला, तो साधारण ‘रोज रात्री काहीतरी भयंकर’ असा होतो. आपल्या देशी पलटणींसाठी वेगळी सोय होती आणि तिचं नाव होतं ‘फौजी दिलखुश सभा’. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला माझा सलाम आहे. सरकारी खात्याचं इतकं प्रामाणिक नाव पुन्हा झालं नाही. पुढे स्वतंत्र भारतातही ही वहिवाट चालू राहिली. सुनील दत्त आपलं ‘अजंता आर्ट्स’चं पथक घेऊन सीमेवरच्या जवानांपुढे कार्यक्रम करायचे, तेव्हाही हेतू दिलखुशीचाच होता.

पण बाहेरून आलेले कलाकार निराळे आणि पलटणीतलेच शिपाई हेरून, त्यांना रंग फासून उभे केलेले कलाकार निराळे. खरी गंमत या दुसऱ्या जातीत आहे. १९४५ साली देवळालीच्या तोफखान्याच्या तळावर अशीच एक मंडळी होती आणि तिच्यात जिमी पेरी नावाचा विशीतला एक पोरगा होता. तोफा डागायला आलेला हा गडी रंगमंचावर विनोद डागू लागला. डेव्हिड क्रॉफ्ट नावाचा दुसरा एक गृहस्थ त्याच सुमाराचा, तो पुण्याला फौजेच्या करमणुकीच्या कामावर होता. पुढे हे दोघे विलायतेत भेटले. दोघांनी मिळून आधी ‘डॅड्स आर्मी’ ही म्हाताऱ्या स्वयंसेवक शिपायांची विनोदी मालिका लिहिली आणि मग १९७४ साली थेट देवळालीलाच हात घातला. मालिकेचं नाव ‘इट एन्ट हाफ हॉट मम’. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘आई गं, इथं काय मरणाचं उकडतंय’. कोवळा शिपाई घरी आईला पत्र लिहितोय अशी कल्पना.

इथं माझा पहिला आक्षेप. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. मुंबईच्या घामाला कंटाळलेली माणसं तिथं स्वेटर घेऊन जातात. उकाड्यावरच मालिका काढायची होती तर साहेबानं कल्याणला उतरायचं होतं. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास कल्याणच्या पुलावर, दोन्ही बाजूंनी माणसांचे लोंढे येत असताना, मधोमध अडकून आईला पत्र लिहून दाखवावं. दुसरी ओळ लिहायच्या आत कागद विरघळेल.

मालिका १९८१ पर्यंत चालली, छप्पन्न भाग झाले. गोष्ट म्हणाल तर एकच. नाटकमंडळीतल्या पोरांना कसंही करून छावणीत नाचत-गात राहायचंय, कारण नाच थांबला की ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांपुढे रवानगी. आणि त्यांच्या उरावर बसलेला सार्जंट मेजर विल्यम्स. छाती पुढे, मिशा अणकुचीदार, आवाज परेड मैदानाच्या मापाचा. या सोंगाड्यांना खऱ्या लढाईवर धाडून त्यांची मर्द माणसं करायची, हे त्याच्या आयुष्याचं एकमेव स्वप्न. दर आठवड्याला तो स्वप्नाच्या अगदी जवळ पोचतो आणि दर आठवड्याला काहीतरी माशी शिंकते. त्यात वरच्या साहेबांना नाटकाची भारी हौस. कर्नल आणि कॅप्टन पहिल्या रांगेत बसून लहान मुलांसारखे टाळ्या पिटतात, त्यामुळे सार्जंट मेजरची पंचाईत. हुकूम तर पाळायचाच, आणि हुकूम आहे की यांना नाचू द्या.

सैन्यातल्या नाटकमंडळीची खरी गोम इथंच आहे. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक म्हणतो, "जरा मोकळा हो." परेडवर सार्जंट म्हणतो, "हलू नकोस." एकाच माणसाला सकाळी दुसरं आणि संध्याकाळी पहिलं ऐकायचंय. विनोदाचं टायमिंग आणि बुटांचं टायमिंग यांचा हिशेब वेगळा असतो. हशा यायच्या आधी अर्धा क्षण थांबायचं असतं, आणि सैन्यात अर्धा क्षण थांबला त्याला दुसऱ्या दिवशी जादा कवायत. पियानोवर बसलेला गनर ग्रॅहम हा विद्यापीठात शिकलेला पोरगा. त्याच्या शुद्ध, नाजूक इंग्रजीनं सार्जंट मेजरच्या अंगाचा तिळपापड होतो. माणूस सुशिक्षित आहे, वर पियानो वाजवतो, आणि तरीही शिक्षा करण्यासारखं काही सापडत नाही, हे दुःख मोठं आहे. आपल्याकडेही बऱ्याच कचेऱ्यांत ते पाहायला मिळतं.

बोमाँ नावाचा शिपाई ‘ग्लोरिया’ होऊन जिंजर रॉजर्सचा झगा घालून नाचतो तो भाग पाहताना मराठी माणसाच्या मनात आपोआप तुलना येते. स्त्री पार्ट आपल्याला काही नवा नाही. पण आपण तो भलत्याच गांभीर्यानं घेतला. नारायणराव राजहंस बालगंधर्व होऊन रंगमंचावर आले, की पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका त्यांच्या साडीचे काठ, अंबाड्याची ठेवण आणि पदराची तऱ्हा मनात टिपून घेत. बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषाकडून शिकायला कुणाला वावगं वाटलं नाही. देवळालीच्या ग्लोरियाचे केसाळ दंड आणि झग्याखालचे फौजी बूट पाहून कुठल्या मडमेनं फॅशन बदलल्याची नोंद नाही. तिथं तो पुरुष असल्याचं दिसत राहणं हीच गंमत. आपल्याकडे तमाशातल्या गवळणीत मावशी होणारा सोंगाड्या त्याच कुळातला. त्यानं मिशा न काढता डोक्यावर पदर घेतला की अर्धं काम झालं. तमाशाचं माहेरघर म्हणवणारं नारायणगाव देवळालीहून फार लांबही नाही. एखाद्या रविवारी तिकडची वाट चुकून धरली असती, तर पोरांना फुकटात शिकवणी मिळाली असती.

आता कुणी म्हणेल, डोंबिवलीच्या माणसाला या परक्या पलटणीच्या खटाटोपात एवढा रस का? अहो, डोंबिवलीतला प्रत्येक दुसरा माणूस आयुष्यात कधी ना कधी असल्याच मंडळीत होता. फरक एवढाच, की आमच्याकडे सार्जंट मेजरच्या जागी सोसायटीचा सेक्रेटरी असतो. कार्यक्रम पत्रिकेत ‘विविध गुणदर्शन’ छापून झालेलं असतं आणि गुण अजून शोधायचे असतात. नट दिवसभर फोर्टात कारकुनी करणार, रात्री आठच्या लोकलला लोंबकळत येणार, दोन घास खाऊन साडेनऊला गच्चीवर तालमीला हजर होणार. नायिकेला सकाळची पाच चौपन्न गाठायची असल्यामुळे ती साडेदहाला निघून जाणार. मग उरलेल्या प्रेमप्रसंगाची तालीम प्रॉम्प्टरबरोबर. प्रॉम्प्टर म्हणजे बहुधा दुसऱ्या मजल्यावरचे, नुकतेच निवृत्त झालेले आणि शब्दोच्चारांबाबत कडक असलेले काका.

लोडशेडिंगच्या काळात असंच एक रहस्यनाटक बसलं होतं. दुसऱ्या अंकात खून. खुन्यानं सुरा उगारला, बळीनं किंचाळी फोडली, आणि अख्ख्या भागाची वीज गेली. प्रेक्षकांनी ‘वा!’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं प्रकाशयोजना आहे. दिवे काही येईनात. मंडळातल्या पोरांनी धडपडत पेट्रोमॅक्स पेटवून स्टेजवर आणून ठेवली, तेव्हा तिच्या उजेडात मयत इसम सोफ्यावर बसून बशीतून चहा पीत होता आणि खुनी त्याला बिस्कीट देत होता. नाटक पुढे चाललं. इन्स्पेक्टर आला, त्यानं चहा पिणाऱ्या प्रेताचा पंचनामा केला आणि तो गंभीरपणे म्हणाला, "खून होऊन अर्धा तास झालाय." मागून एक पोरगं ओरडलं, "अजून कप संपला नाही!" सेक्रेटरीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर सूचना लावली, की पुढील वर्षी फक्त समूहगीतं होतील. सार्जंट मेजर विल्यम्सनं त्यांना कडक सॅल्यूट ठोकला असता.

म्हणून मला त्या गोऱ्या पोरांबद्दल आपुलकी वाटते. महायुद्ध संपल्यावर तर त्यांची अवस्था आणखी बिकट झाली. जपाननं ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती पत्करली, लढायचं कारण संपलं, आणि घरी जायला बोटी नाहीत. जुनंच दुखणं, फक्त रोगी आता हजारोंनी वाढलेले. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर विमानदलाचे गोरे जवान चक्क संपावर गेले, ‘आम्हाला घरी सोडा’ म्हणून, आणि ते लोण हिंदुस्थानातल्या इतर तळांवरही पोचलं. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या बंदरात आपल्या नाविकांनी बंड केलं, त्यांची कारणं निराळी आणि कितीतरी जास्त जिव्हाळ्याची. सरकारच्या बाजूनं पाहिलं तर करमणूक हा त्या वर्षी चैनीचा विषय राहिलेला नव्हता. छावणीत नाटकाचा पडदा रोज वेळेवर उघडणं हा बंदोबस्ताचाच भाग होता.

आता एक जरा अवघड गोष्ट. देवळालीच्या त्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण बीबीसी करत नाही, आणि त्याला कारण आहे. त्यात रंगी राम नावाचा हिंदुस्थानी बेअरर आहे, साहेबांपेक्षा जास्त साहेब, बोलताना सतत ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणणारा. ते काम मायकेल बेट्स या गोऱ्या नटानं तोंडाला तपकिरी रंग फासून केलं. हा बेट्स जन्मानं झाशीचा. युद्धात गुरखा पलटणीत अधिकारी होता आणि त्याची हिंदुस्थानी बोली अस्सल होती. पेरी शेवटपर्यंत म्हणत राहिला, की त्याच्यासारखा दुसरा मिळाला नसता. असेल. पण चहावाला आणि पंखेवाला यांना खरे आपल्याकडचे नट मिळाले, तर बेअररलाच मिळू नये हे पटत नाही. नाटकातला रंग आणि कातडीचा रंग यांतला फरक नाटकवाल्यांना कळत नव्हता असं मला म्हणवत नाही. त्यांना तो सोयीनं कळत होता.

माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या ताफ्यात शहाणा एकच. पंखेवाला रमझान. हा भिंतीला टेकून बसतो, पंख्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, पाय मागे-पुढे. वर झालर हलते, खाली साम्राज्य चालतं. साहेबलोक काय मूर्खपणा करतायत ते तो बघतो आणि स्वतःशी उर्दूत पुटपुटतो. पहिल्या रांगेत बसूनही कर्नलला दिसत नाही ते याला जमिनीवरून दिसतं. झग्यातल्या नटाला कोण किती घाबरतंय, मोठा आवाज कोणाचा पोकळ आहे, घरची आठवण कोणाला येतेय, हे सगळं त्याच्या हिशेबात. त्याला कुणी टाळी वाजवत नाही, आणि त्यालाही कुणासाठी वाजवायची सक्ती नाही. हुकमाशिवाय हसणारा तिथं तेवढा एकच.

देवळाली टीव्हीवर गाजली आणि आमचं कल्याण राहिलं. वास्तविक महायुद्धात ये-जा करणाऱ्या फौजांची एक भलीमोठी छावणी कल्याणलाही होती. आज विठ्ठलवाडी ते शहाडच्या मधे जे गाव दिसतं ते तिच्याच पोटातून निघालं. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या रिकाम्या बराकींत आणून वसवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. गाव झालं, पण छावणीचा हिशेब सुटला नाही. अजून रिक्षावाल्याला ‘कॅम्प तीन’ म्हणूनच सांगावं लागतं आणि टपालाच्या पत्त्यावर बराकीचा नंबर येतो. जिथं गोरे शिपाई बोटीची वाट बघत लोळले असतील, तिथं सिंधी कुटुंबांनी मधे गोणपाटाचा पडदा लावून एकेका बराकीत चार-चार संसार थाटले आणि पडद्याच्या अलीकडे-पलीकडे पापड लाटायला, मिठाई करायला, कापड विकायला सुरुवात केली. बोट यायची नव्हतीच, त्यामुळे वाट बघत बसायला कुणाला सवड नव्हती. संध्याकाळी सिंधी लोककलावंतांची भगत मंडळी घुंगरू बांधून गायला उभी राहायची तेव्हा समोरचा माणूस दिवसभर राबून आलेला असायचा, आणि अशा प्रेक्षकाला रडवणंही सोपं आणि हसवणंही. जवळच नेवाळीला लष्करानं युद्धात धावपट्टी केली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनी मागायला २०१७ साली शेतकरी रस्त्यावर उतरले. त्या खेळाचा पडदा अजून पडलेला नाही, आणि त्यात विनोद शोधायला मी जाणार नाही.

सगळ्यांत मोठा सोंगाड्या मात्र देवळालीनं दिला नाही आणि कल्याणनंही नाही. तो मान तेव्हाच्या अहमदनगरचा. तोफखान्यातल्या लिओ मिलिगन नावाच्या आयरिश वंशाच्या सैनिकाला तिथं १९१८ साली मुलगा झाला, स्पाइक मिलिगन. तारीख १६ एप्रिल. ठाणेकराला ही तारीख सांगावी लागत नाही. १८५३ साली याच दिवशी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोचली, आणि पुढे याच रुळांवरून फौजा देवळालीला गेल्या. बाप सरकारी नोकरी सांभाळून छावण्यांमधून गाणी-नकला करायचा, आई पियानोवर साथ द्यायची. अशा घरात वाढलेलं पोर सरळ निघण्याची शक्यता कमीच. मोठेपणी तोही तोफखान्यात गेला, इटलीत जखमी झाला आणि बरा होता होता पुन्हा फौजेच्या करमणूक मंडळींत रमला. तिथून रेडिओवरच्या ‘द गून शो’पर्यंत पोचला आणि इंग्रजी विनोदाचं डोकं त्यानं कायमचं फिरवून ठेवलं. डूलाली म्हणा हवं तर.

त्याची पहिली एन्ट्री मात्र पुण्यातली. कॉन्व्हेंटच्या शाळेत नाताळचं नाटक होतं. याला दिलं होतं विदूषकाचं काम, तोंडाला निळा रंग. पहिल्या भागात उड्या मारायच्या आणि निघून जायचं. शेवटी बाळ येशूच्या गोठ्याचा पवित्र देखावा, तिथं विदूषकाला काम नव्हतं. पण आठ वर्षांच्या त्या पोराला वाटलं, मेंढपाळ चालतात, राजे चालतात, मग विदूषकानं काय पाप केलंय? विंगेत उभा होता तो सरळ स्टेजवर घुसला आणि निळ्या तोंडानं गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला. सभागृहात नन होत्या, पालक होते, पलटणीतले अधिकारीही असतील. नशीब त्याचं, सार्जंट मेजर विल्यम्स अजून कुणी लिहिला नव्हता.